हयातीचा दाखला

(शास्त्रपाठ : उत्पत्ति, अध्याय १८, वचनें १ ते १०)



नोव्हेंबर महिना लागला म्हणजे तालुक्याच्या गांवच्या बँकेंत एक निराळीच मंडळी जमते. कोणी कांठी टेकीत आलेलीं, तर कोणी नातवाचा हात धरून आलेलीं अशीं हीं पांढऱ्या केसांचीं माणसें बाकांवर बसून आपल्या पाळीची वाट पाहत असतात. हे पेन्शनर होत. आपण अद्याप जिवंत आहों, असें त्यांना वर्षांतून एकदां दाखवून द्यावें लागतें. न दिल्यास पेन्शन थांबतें. ह्या कागदास हयातीचा दाखला म्हणतात. सन २०१४ च्या नोव्हेंबरपासून यंत्रावर अंगठा ठेवूनही तो देतां येतो. परंतु ज्या हातांनीं जन्मभर काम केलें, त्यांच्या अंगठ्यावरील रेषा झिजून गेलेल्या असतात, आणि यंत्राला कित्येकदां त्या ओळखूं येत नाहींत. माणूस समोर उभा आहे, श्वास घेत आहे, आणि यंत्र मात्र म्हणतें कीं, ओळख पटत नाहीं!

हें पाहून आमच्या मनांत असा प्रश्न आला कीं, असाच दाखला देवानें आपणांकडे मागितला तर आपण काय दाखवूं? नोकरी संपली, मुलें आपापल्या संसाराला लागलीं, दिवस मोकळा झाला. अशा वेळीं मनुष्य अंतर्यामीं जिवंत आहे किंवा नाहीं, हें कशावरून ओळखावें? आज ह्याच प्रश्नाचा आपण विचार करूं.

आमच्या ओळखीचें एक जोडपें आहे. त्यांच्याच परवानगीनें आम्ही हें लिहीत आहों. नांव आणि गांव मात्र सांगत नाहीं. गुरुजींनीं जिल्हा परिषदेच्या निरनिराळ्या शाळांत शिकविलें, आणि वयाच्या ५८ व्या वर्षीं नियमाप्रमाणें ते निवृत्त झाले. तालुक्याच्या गांवीं, एस. टी. स्टँडापासून हांकेच्या अंतरावर, त्यांनीं तीन खोल्यांचें घर बांधलें आहे. मुलगा पुण्यास असतो, मुलगी नाशकास दिली आहे. घरीं हीं दोघेंच.

त्यांचा दिवस साधा असतो. गुरुजी पहाटे फिरून येतात व येतांना दूध आणतात. न्याहारी झाल्यावर ते वाचनालयांत जातात. तेथें निवृत्त झालेले आणखी तिघे असतात : एक तलाठी, एक दवाखान्यांतील कंपाउंडर आणि एक एस. टी. चा कंडक्टर. त्यांत एक मुसलमान आहे, दोघे हिंदु आहेत. वर्तमानपत्राचीं पानें वांटून घेऊन चौघे वाचतात, मग शेजारच्या हॉटेलांत चहा घेतात. पैसे पाळीपाळीनें द्यावयाचे, असा त्यांचा कायदा आहे. कोणी दोन दिवस दिसला नाहीं तर बाकीचे तिघे त्याच्या घरीं जातात. इकडे बाईंच्या दारीं शेजारीण कढीलिंबाची डहाळी घेऊन येते, तर दुसरी सुनेचें गाऱ्हाणें घेऊन येते. उन्हाळ्यांत गल्लींतल्या बायका मिळून पापड लाटतात. बुधवारीं संध्याकाळीं बायकांची प्रार्थना असते. आळींत कोणी वारलें तर गुरुजी बांबू व कापड आणावयास जातात, आणि ज्या घरांत त्या दिवशीं चूल पेटणार नाहीं, त्या घरीं बाई पिठलें-भाकरी नेऊन देतात. रात्रीं मोबाइलवर नातवाचें तोंड पाहून दोघें झोपी जातात.

वरवर पाहतां ह्यांत धर्मकृत्य असें कांहीं दिसत नाहीं. पण वाचकहो, नीट पाहा. चौथा सोबती दिसला नाहीं म्हणून त्याच्या दारीं जाणें, आणि दुःखाच्या घरीं न बोलावतां भाकरी नेणें, हीं मंडळीचीच कामें आहेत. त्यांसाठीं कोणाची नेमणूक लागत नाहीं. वेतन सुटलें म्हणजे सेवाही सुटते, असें पुष्कळांस वाटतें. नारायण वामन टिळक ह्यांचें उदाहरण आपणांस ठाऊक आहे. सन १९१७ मध्यें त्यांनीं मिशनची पगारी नोकरी सोडली, ती विसांवा घेण्यासाठीं नव्हे. त्यांनीं सातारा येथें देवाचा दरबार आरंभिला. १९१९ सालीं ते प्रभूमध्यें निजले. ज्या दिवशीं पगार बंद झाला, त्या दिवसापासून त्यांचें दार अधिकच उघडें झालें.

परंतु प्रत्येक दाराची एक कसोटी असते. ह्या घराची कसोटी होती बाजाराचा दिवस.

गुरुजींचें मूळ गांव तेथून बारा किलोमीटरवर आहे. ते पांच वर्षांचे असतांना वडील वारले. थोरल्या भावानें शाळा सोडून मजुरी धरली, म्हणून धाकट्याला शिकतां आलें. थोरल्या भावाची बायको, म्हणजे गुरुजींची वहिनी, हिनें त्यांना लेकराप्रमाणें वाढविलें. ते बोर्डिंगांत शिकत असतांना दर शनिवारीं ती पायीं येऊन फडक्यांत बांधलेल्या भाकरी देऊन जाई. भाऊ आतां हयात नाहीं. वहिनी सत्तरीच्या पुढें आहे. तिला पेन्शन नाहीं, कारण शेतांत खुरपणाऱ्या बाईला कोणी ५८ व्या वर्षीं हार घालून घरीं पाठवीत नाहीं. ती अजून बाजाराच्या दिवशीं मेथीच्या जुड्या व अंडीं घेऊन येते.

गुरुजींनीं नवें घर बांधलें, तेव्हां बाजाराच्या दिवशीं गांवचीं माणसें थेट आंत येत. जमिनीला शहाबादी फरशी होती. पोत्यावर बसून भाकरी खात, पाणी पीत, गांठोडीं कोपऱ्यांत ठेवून बाजार करीत. पुढें मुलानें गुळगुळीत पांढरी फरशी बसवून दिली. कोच आला. काचेचें कपाट आलें. मग दाराशीं पायपुसणें आलें, आणि ओट्यावर दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. आंत येऊं नका, असें कोणीं कोणास म्हटलें नाहीं. पण वाचनालयांतले मित्र आले कीं ते आंत कोचावर बसत व त्यांना कपबशींत चहा मिळे. गांवचीं माणसें आलीं कीं तीं ओट्यावर बसत व त्यांना कागदी पेल्यांत चहा मिळे. धुण्याचा त्रास नको, एवढाच त्यांत हेतु होता.

बंधूंनो, ही गोष्ट लिहितांना आमचा हात जड होतो. आपल्यापैकीं कित्येकांच्या वाडवडिलांसाठीं गांवच्या हॉटेलांत निराळी कपबशी ठेवलेली असे. ती बाहेर खुंटीला टांगलेली असे, आणि पिणाऱ्यानें आपली आपण विसळून ठेवावी अशी रीत होती. सन १९५० मध्यें राज्यघटनेच्या १७ व्या कलमानें अस्पृश्यता नाहींशी केली. पण कायद्यानें बाहेर काढलेली निराळी कपबशी आपण आपल्याच हातानें, आपल्याच ओट्यावर, आपल्याच भावाबंदांसाठीं पुन्हां मांडूं लागलों, तर त्याला कोणतें कलम आडवें येणार?

एका बाजाराच्या दिवशीं आम्ही एस. टी. तून उतरलों, तों स्टँडाजवळच्या लिंबाखालीं वहिनी बसलेली दिसली. पुढें फडकें पसरून ती भाकरी खात होती. ऊन चढलें होतें. गुरुजींचें घर तेथून दहा घरें टाकून पलीकडे. आम्हीं विचारलें, “मावशी, घर इतकें जवळ असतां येथें कां बसलांत?”

ती म्हणाली, “पाळकसाहेब, भाऊजींच्या घरात आता पांढरी फरशी हाय. माझं पाय हे असं चिखलाचं. कशाला उगी त्यांच्या बायकोला पुसायला लावायचं?”

“कोणी कांहीं बोललें काय?”

“न्हाई, कुणी काही बोललं न्हाई. बोलावं लागतच न्हाई. माणसाला कळतं.”

एवढें बोलून तिनें अर्धी भाकरी मोडून आमच्यापुढें केली. आम्हीं ती घेतली, पण घास घशाखालीं उतरेना. कारण त्याच क्षणीं आम्हांस आठवलें कीं, त्या घरीं आम्ही अनेकदां गेलों होतों, कोचावर बसलों होतों, कपबशींतला चहा प्यालों होतों. आणि ओट्यावर कोण बसलें आहे, हें आम्हीं एकदांही मान वळवून पाहिलें नव्हतें. याकोबानें आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायांत सोन्याची अंगठी घातलेल्याला मानाची जागा देणाऱ्या आणि दरिद्र्याला बाजूस उभें करणाऱ्या मंडळीला दोष लावला आहे. त्यावर आम्हीं व्यासपीठावरून उपदेश केला होता. उपदेश करणारा स्वतः मानाच्या जागीं बसला होता, हें मात्र आमच्या ध्यानांत आलें नव्हतें.

त्याच संध्याकाळीं आम्ही गुरुजींकडे गेलों आणि आधीं आपली चूक सांगून मग वहिनीची गोष्ट सांगितली. गुरुजी खालीं मान घालून बसले. बराच वेळ ते कांहीं बोलले नाहींत. बोलल्या त्या बाई. स्वयंपाकघराच्या दारांत उभ्या राहून त्या म्हणाल्या :

“पाळकसाहेब, जाऊबाई लिंबाखाली बसल्या, हे ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण एक विचारते. बाजाराच्या दिवशी बारा माणसं यायची. बारा जणांचं पाणी, चहा, भांडी, मागून फरशी पुसणं, हे सगळं कोणी करायचं? ह्यांना सरकारनं अठ्ठावन्नाव्या वर्षी सोडलं. मला कोणी सोडलं? माझे गुडघे धरले आहेत. ओट्यावर खुर्च्या मीच मांडल्या. कागदी पेले मीच आणले. मन दुखवायचं म्हणून नाही; माझ्यानं होईना म्हणून.”

प्रिय वाचकहो, आम्ही गुरुजींस बोध करावयास गेलों होतों, आणि बोध आम्हांसच झाला. आदरातिथ्याविषयीं उपदेश करणें पुरुषांस सोपें जातें; कारण आतिथ्याचें पाणी बहुधा दुसऱ्याच कोणाच्या कमरेवरून येतें. ज्या घरांत एकाला विसांवा मिळाला आणि दुसरीला नाहीं, त्या घराचें दार आज ना उद्यां आपोआप लागतें. तें गर्वानेंच लागतें असें नाहीं; पुष्कळदां तें थकव्यानें लागतें.

त्या रात्रीं तिघांनीं मिळून उत्पत्तीचा अठरावा अध्याय वाचला. तोही एका वृद्ध जोडप्याचाच वृत्तांत आहे. मागल्या अध्यायांत सांगितलें आहे त्याप्रमाणें अब्राहाम ९९ वर्षांचा आहे, आणि सारा नव्वदीला आली आहे. मम्रेच्या झाडांपाशीं, भर दुपारच्या उन्हांत, म्हातारा तंबूच्या दाराशीं बसला आहे. जसे आपले गुरुजी ओट्यावर बसतात तसाच. तीन अनोळखी माणसें दिसतात. पुढें काय होतें, तें क्रमानें पाहा.

पहिली गोष्ट : अब्राहाम धांवत सामोरा जातो, आणि सर्वांच्या आधीं पाय धुण्यासाठीं पाणी देऊं करतो. वाटसरूचे पाय धुळीनें भरलेले असणारच, हें त्याला ठाऊक आहे. पाय मळलेले आहेत म्हणून बाहेर बसा, असें तो म्हणत नाहीं. पाय मळलेले आहेत म्हणूनच तो आधीं पाणी मागवितो. चिखल ही माणसाला दूर ठेवण्याची सबब नव्हे. तो पाणी आणण्याची सूचना आहे. वहिनीच्या पायांना लागलेला चिखल कोणत्या शेतांतला होता? ज्या शेतांतल्या मजुरीवर गुरुजी शिकले, त्याच शेतांतला.

दुसरी गोष्ट : सारेला तो तीन मापें पीठ मळून भाकरी करावयास सांगतो. आपल्या पायलीच्या मापानें पाहिलें तरी हा लहान ढीग नव्हे. नव्वदीच्या बाईला तर नव्हेच. परंतु तिला काम सांगून अब्राहाम पाहुण्यांशीं गप्पा मारीत बसला, असें लिहिलेलें नाहीं. तो स्वतः गुरांकडे धांवत गेला, वांसरूं त्यानेंच निवडलें, तें सिद्ध करावयास चाकराला दिलें, दहीं-दूध त्यानेंच पुढें मांडलें. आणि पाहुणे जेवीत असतां तो त्यांच्याजवळ झाडाखालीं उभा राहिला. शंभरीला टेकलेला घरधनी स्वतः वाढपी झाला. सारेचे हात पिठांत होते, तेव्हां अब्राहामाचे पाय धांवत होते.

तिसरी गोष्ट आम्हीं अनेकदां वाचूनही कधीं ध्यानांत घेतली नव्हती. जेवण झाल्यावर पाहुण्यांनीं पहिला प्रश्न विचारला तो साराविषयीं : ती कोठें आहे? पडद्याआड राहून जिनें पीठ मळलें, तिची चौकशी स्वर्गाहून आलेल्या पाहुण्यांनीं नांव घेऊन केली. आणि देवाचें वचन त्या घराला मिळालें तें ह्या प्रश्नानंतर मिळालें. आम्ही त्या घरीं कितीदां जेवलों! आंत कोण आहे, तिचे गुडघे कसे आहेत, हें आम्हीं किती वेळां विचारलें? एकदांही नाहीं.

पुढें काय झालें, तेंही सांगतों. दुसऱ्या बाजाराच्या दिवशीं ओट्यावर पाण्यानें भरलेली बादली, तांब्या आणि एक जुनें सुती लुगडें पाय पुसण्यासाठीं ठेवलेलें होतें. खुर्च्या आंत गेल्या होत्या. गुरुजी पहाटे फिरावयास न जातां पाणी भरीत होते. चहा त्यांनींच केला; पहिल्या दिवशीं तो इतका गोड झाला कीं, गांवचीं माणसें हंसलीं. कपबश्या विसळण्याचें काम आलेल्यांपैकीं तरुण मुलांनीं वांटून घेतलें. फरशी पुसण्याचें काम गुरुजींकडे आहे. कंडक्टर मित्र बाजाराच्या दिवशीं मदतीला येतो. बाई मात्र पाटावर बसून राहतात आणि बायकांशीं बोलतात. त्या म्हणतात कीं, लग्न झाल्यापासून घरांत पाहुणे असतां आपण बसलों, असें हें पहिल्यानेंच घडत आहे.

वहिनी पहिल्या दिवशीं आली नाहीं. दुसऱ्या आठवड्यासही आली नाहीं. तेव्हां गुरुजी स्वतः लिंबाखालीं गेले, तिच्या शेजारीं भुईवर बसले, आणि तिच्या फडक्यांतली भाकरी त्यांनीं मागून घेतली. तीं दोघें काय बोललीं, तें आम्हांस ठाऊक नाहीं, आणि आम्हीं विचारलेंही नाहीं. तिसऱ्या बाजारीं ती आली. पाय तिनें दोनदां धुतले. कोचावर ती बसली नाहीं. फरशीवरच भिंतीला टेकून बसली. तेव्हां बाई आपल्या दुखऱ्या गुडघ्यांनिशीं पाटावरून उठून तिच्याजवळ खालीं बसल्या.

पाहुणा रित्या हातानें येत नाहीं, हेंही अब्राहामाच्या तंबूंत दिसून आलें, तसें येथेंही दिसून आलें. वहिनीचा नातू चौथीला गेला तरी त्याला धड वाचतां येत नव्हतें. आतां बाजाराच्या दिवशीं ती त्याला बरोबर आणते, आणि चहाचीं भांडीं आवरलीं कीं गुरुजी त्याला घेऊन बसतात. त्याच्याबरोबर आणखी दोन मुलें येऊं लागलीं आहेत. निवृत्त झाल्यापासून ज्या गुरुजींस आपण निरुपयोगी झालों असें वाटत होतें, ते पुन्हां खडू विकत आणूं लागले आहेत.

आतां आपणां सर्वांसाठीं थोडेंसें सांगून हें बोलणें आटोपतों.

जीं वडील मंडळी नोकरींतून मोकळीं होऊन गांवांत राहतात, त्यांनीं वर्षांतून चार वेळां तरी आपल्या मूळ वाडीस जावें. प्रवासखर्चाची अडचण आतां पूर्वीइतकी राहिलेली नाहीं. सन २०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरीच्या वरच्यांस एस. टी. चा प्रवास विनामूल्य झाला आहे, आणि २०२३ च्या मार्चपासून सर्व स्त्रियांस अर्धेंच भाडें पडतें. त्यांनीं नेहमी आपल्या दारीं यावें आणि आपण त्यांच्या दारीं कधीं जाऊं नये, हा शेजारधर्म नव्हे. वाडींतल्या कुडाच्या घरांत, शेणानें सारवलेल्या जमिनीवर, आपणही पाहुणे होऊन बसावें. अशा रीतीनें बसलेल्या माणसाला मग आपल्या फरशीचा अभिमान फार दिवस टिकवितां येत नाहीं.

वाड्यांतल्या बंधुभगिनींनो, तुम्हांसही एक विनंति आहे. कोणाचें दार अरुंद झालेलें दिसलें म्हणून मुकाट्यानें लिंबाखालीं जाऊन बसूं नका. बोलून दाखवा; रागानें नव्हे, आपलेपणानें. आणि त्या दारांत गेलांत तर आंत कोण राबत आहे, हें आधीं पाहा. एक कप विसळून ठेवणें हें लहान काम आहे, पण तेवढ्यानें एका घराचें दार आणखी वर्षभर उघडें राहूं शकतें.

आणि आम्ही जे पाळक व उपदेशक, त्यांनीं कोचावर बसण्यापूर्वीं ओट्याकडे एकदां मान वळवून पाहावें.

पुन्हां नोव्हेंबर येईल. बँकेंतील बाकांवर पुन्हां आपलीं माणसें बसतील आणि झिजलेले अंगठे यंत्रावर ठेवतील. कोणाची ओळख पटेल, कोणाची पटणार नाहीं. पण एक दिवस असा येणार आहे कीं, त्या दिवशीं राजा आपणांस विचारील, तहानेल्याला पाणी दिलें काय? परक्याला घरांत घेतलें काय? त्या दिवशीं पांढरी फरशी कामीं यावयाची नाहीं. ओट्यावरची बादली कामीं येईल. आणि ती भरतांना, भाकरी थापतांना, भांडीं घांसतांना ज्या हातांच्या रेषा झिजल्या, त्या हातांची ओळख पटावयास तेथें कांहींच अडचण पडणार नाहीं.

प्रभु आपणां सर्वांच्या घरांचीं दारें उघडीं ठेवो, आणि तीं उघडीं ठेवणाऱ्या हातांस विसांवा देवो. आमेन.